चौघांत एक सफारी

कापूस आणि किस्से, दोन्ही अंगाला चिकटतात. सेलूच्या जिनिंगमध्ये आम्ही चौघं कारकून होतो, त्याला आता किती वर्षं झाली! पण आमच्यातले दोघं भेटले की एक किस्सा निघतो आणि त्याच्यामागून दुसरा येतोच.

माणिक, काशिनाथ, मन्मथ आणि मी. पत्र्याची एक खोली, एक स्टोव्ह, ताटं दोन. दोघांनी ताटात जेवायचं, दोघांनी पातेल्याच्या झाकणात. एकदा जिनिंगच्या मालकांचे पाहुणे डोकावले. "अरे, चौघांत दोनच ताटं?"

मन्मथ म्हणाला, "ताटं मोजू नका पाहुणे, भूक किती हाय ते सांगा!"

पाहुणे झाकणात जेवले आणि वर पुन्हा भात मागून घेतला!

आमची खरी इस्टेट म्हणजे एक सफारी सूट. चॉकलेटी रंगाचा, काशिनाथच्या जाडजूड मापाचा, त्याच्या मेव्हण्याने शिवून दिलेला. चौघंही लग्नाच्या वयाचे, आणि पोरगी पाहायला जायचं तर सफारी पाहिजेच, असे ते दिवस. नियम ठरला. ज्याचा कार्यक्रम त्याने घालायचा. नकार आला तर त्यानेच धुवायचा.

माणिक ताडमाड उंच. पँट नडगीपर्यंतच आली. मुलीच्या आजोबांनी त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "पोरगं अजून वाढायलंय का काय?"

सोबत मी होतो. म्हणालो, "व्हय आजोबा, पण भाकरी तेवढीच खातंय!"

लग्न जमलं!

काशिनाथ ताडकळसला गेला तेव्हा एसटीतल्या खिळ्याला अडकून सफारीचा खिसा फाटला. मुलीच्या घरी त्या रंगाचा दोरा नव्हता. मुलीनेच पिवळ्या दोऱ्याने चार टाके घातले. काशिनाथ ओशाळला आणि बोलून गेला, "कशाला त्रास घेता? असे चार हायेत घरी!"

नकार आला. तो सफारी धुवायला बसला तेव्हा आम्ही त्याला सोडतो होय! "सफारी चार न्हाईत बाबा, माणसं चार हायेत!" पिवळे टाके मात्र तसेच राहिले.

सगळ्यात जास्त सफारी धुतला मन्मथने. तो सावळा, किरकोळ. त्या सफारीत तो कुठे आहे हे शोधावं लागे. तिसऱ्या नकारानंतर नळावर गाणं म्हणत धूत होता. शेजारच्या मावशींनी विचारलं, "जमलं वाटतं?"

"न्हाई मावशी, पण सफारी लय झकास निघायलाय!"

वाळत घालताना मला हळूच म्हणाला, "अजून एक डाव बघतो. मग नाद सोडला." त्या दिवशी त्याचं हसणं मला बघवेना.

तो शेवटचा डावही ताडकळसचाच निघाला. मन्मथ आणि काशिनाथ एकाच समाजाचे, स्थळं त्याच चार घरांतली. पण मध्यस्थ नवा होता आणि गाव मोठं. घर कोणतं, हे विचारायचं आम्हाला सुचलंच नाही.

मन्मथसोबत मी गेलो. पोहे आले. मुलगी आली. आणि तिची नजर गेली थेट त्या पिवळ्या टाक्यांवर!

मन्मथने विचारलं, "तुमाला काही विचारायचं हाय का?"

"असे चार हायेत, असं मागं एक जण म्हनले होते. ह्यो कितवा?"

मन्मथने खिशाकडे पाहिलं. सगळं त्याच्या ध्यानात आलं. मी मनात म्हटलं, आता काहीतरी थाप मार बाबा!

"एकच हाय," तो म्हणाला. "माणसं चार हायेत. पण आज माझा हाय!"

मुलीचे वडील आमच्याकडे बघतच राहिले. ती त्यांच्याकडे वळली.

"दादा, सफारी तर मला मागच्याच खेपेला पसंत होता. या खेपेला आतला माणूस बी पसंत हाय!"