देवमनची पोट्टी

बार्शीटाकळीचा देवमन बोलायला लागला की कोणाच्या बापाला भ्यायचा नाही. छप्पन साली नागपूरहून दीक्षा घेऊन आला आणि थेट चावडीपुढं उभा राहिला. "आजपासून मी मेलेलं ढोर ओढनार नाही, अन् माही बायको कोनाची नाळ कापनार नाही," असं त्यानं पाटलाच्या तोंडावर सांगितलं. भागीरथा, त्याची बायको, गावभरच्या बाळंतिणींचं करायची. पोर झेलायची ती, आणि तिच्या मोबदल्याची ज्वारी मात्र पदरात वरून टाकायचे. ते सगळं बंद झालं. पोटाला चिमटा बसला, पण मान वर राहिली.

आणि अशा माणसाची लेक पंचफुला मॅट्रिक होऊन काय म्हणाली? तर अकोल्याच्या सरकारी दवाखान्यात नर्सिंग शिकायला जाते!

देवमन भडकला. "आमी थुकून टाकलं ते काम तू डोक्यावर टोपी घालून करशीन काय व?"

"बाबा, ते काम अन् हे काम एक नाही. तीन वर्सं शिकनं हाय, परीक्षा हाय. मंग सरकारी नोकरी, राहाले क्वार्टर, म्हातारपनी पेन्शन. उद्या सिस्टर होईन, परवा मेट्रन. कोनाच्या दारात पदर पसरायचं काम नाही."

"त्यापक्षा मास्तरीन हो. नर्सबाईशी लगन कोन करते? पुरुषाले हात लावा लागते म्हन्ते."

"दुखनेकऱ्याले हात लावा लागते, बाबा."

बाप काही ऐकेना. शेवटी भागीरथेनं ट्रंक भरून दिली आणि पोट्टी गेली. वस्तीत कोणी विचारलं की देवमन ठोकून द्यायचा, "दवाखान्याच्या हापिसात लिवते." आता एकदा खोटं बोललं की माणसाला त्याची राखण करत बसावं लागतं! अकोला काय सातासमुद्रापार होतं? पण दीड वर्ष हा बाबा तिकडं फिरकला नाही. शेवटी "पोट्टी कशी हाय, पाहून तरी या," म्हणून भागीरथेनं टोचून टोचून पाठवला.

दुपारी भेटायच्या वेळी तो बायांच्या वॉर्डात शिरला. पंचफुला समोरच होती. पांढरे कपडे, डोक्यावर टोपी, आणि एका म्हातारीच्या अंगाखालचं भांडं काढून ती त्यावर झाकण ठेवत होती. म्हातारी कोण? गावच्या केशवराव पाटलाची आई पार्वताबाई, कमरेचं हाड मोडून पडलेली. भागीरथेच्या पदरात वरून ज्वारी टाकणारा हात हिचाच. उशाशी स्वतः केशवराव बसलेला.

"काय रे देवमन!" केशवराव हसला. "हे तुही पोट्टी काय? तू तं सांगे, पोट्टी हापिसात लिवते म्हनून!"

त्यात टोमणा होता की नुसती चौकशी, कोण जाणे. देवमनला मात्र तो टोमणाच वाटला. "नाही मालक," तो बोलून गेला, "हे माही पोट्टी नाही. माही हापिसात हाय."

मालक! छप्पन सालापासून हा शब्द त्याच्या तोंडातून निघाला नव्हता.

"अरे बापा!" पार्वताबाई म्हणाली. "इनं तं पहिल्याच दिवशी मले सांगतलं, मी बार्शीटाकळीच्या देवमनची. मोठ्या तोऱ्यात सांगतलं. काय व पोरी, माह्यासारख्या बुढीशी खोटं बोलली?"

अजूनही वेळ गेली नव्हती. 'माहीच हाय' एवढं म्हणायला काय लागत होतं? पण चावडी गाजवणारा गडी फरशीकडं पाहत राहिला.

पंचफुलेनं बापाकडं एकदा पाहिलं. मग शांतपणे म्हणाली, "आजी, तो देवमन दुसरा."

"असू दे माय. कोनाचीबी अस, मले जरा कुशीवर कर," असं म्हणत म्हातारीनं तिचा हात घट्ट धरला.

देवमन मागच्या पावली बाहेर पडला. इतकी लाज त्याला जन्मात वाटली नव्हती. पोट्टीनं त्याची अब्रू झाकली होती, आणि ते त्याला सोसवेना.

घरी भागीरथा वाटच पाहत होती. "भेटली? कशी हाय पोट्टी?"

देवमन भिंतीला टेकून बसला आणि लेकरासारखा रडायला लागला. "पाटलाच्या बुढीनं तिचा हात धरला, भागीरथा," तो म्हणाला, "अन् मी तिले वळखलं नाही."