बारावं सुकेळं

ऑगस्टीनकाकांच्या नवसावर मी बसलो. अक्षरशः बसलो.

२००२ सालचा एप्रिल. सांडोर गावी त्यांच्या ओटीवर वेताची खुर्ची होती, खुर्चीवर धुतलेला रुमाल अंथरलेला होता, आणि शाळेतून दमून आलेल्या मास्तरला अंथरलेला रुमाल म्हणजे आमंत्रणच वाटतं. रुमालाखाली अकरा सुकेळी होती. माझं वजन तेव्हा ब्याण्णव किलो. राजेळी केळी सोलायची, आठ-दहा दिवस उन्हात वाळवायची, रोज उलटायची, कावळे हाकलायचे, संध्याकाळी घरात घ्यायची, तेव्हा कुठे ती मधाच्या रंगाला येतात. त्यांचा लगदा करायला मला एक क्षण पुरला.

"आता उठून काय होनार, मास्तर?" काका शांतपणे म्हणाले. "बस."

ती सुकेळी त्याच रात्री निघायची होती. कुठे, तर भूमध्य समुद्रातल्या एका बेटावर.

काका स्वतः केळीच्या वाडीतून फार तर पापडीच्या बाजारापर्यंत जाणारा माणूस. वर्षातून एकदा बांद्र्याच्या जत्रेला गेले तरी घरी येऊन दोन दिवस पाय चेपून घ्यायचे. पण दहा वर्षांपूर्वी रोझलिनकाकू इतक्या आजारी पडल्या की फादर येऊन मरणाऱ्याला लावतात ते शेवटचं तेल लावून गेले. तेव्हा फेबियन धावून आला. फेबियन म्हणजे काकांचा जिवाचा मित्र. दोघं एकाच विहिरीत पोहायला शिकले, काकांच्या लग्नात चर्चमध्ये अल्तारापाशी त्यांच्या शेजारी तोच उभा होता. बोटीवर स्वयंपाकी होता. त्यानं खिशातून एक रंगीत कार्ड काढलं. बेटावर डोंगर, डोंगराच्या टोकावर पांढरं चॅपेल, भोवती संन्याशांच्या जुन्या खोल्या.

"आमची बोट थांबते इथं," तो म्हणाला. "तू नवस बोल. पोचवायचं माझ्याकडं लागलं."

काका बोलले. पहिली सुकेळी लगेच फेबियनबरोबर, आणि रोझलिन उठली तर दरसाल वाडीतली सुकेळी त्या डोंगरावर, मारियामातेच्या पायाशी. आणि काकू उठल्या. नुसत्या उठल्या नाहीत, मी ओळखू लागलो तेव्हा विहिरीवरून दोन कळशा आणत होत्या.

सुकेळी अकराच का, असं मी एकदा विचारलं होतं. "येशूचे शिष्य बारा. त्यातला एक ज्युदास, त्याला धरून देनारा," काका म्हणाले. "बाराव्याला माझ्या वाडीतलं काय नाय."

दरवर्षी फेबियन सुट्टीवर आला की ओटीवर बैठक बसायची. तीनशे पायऱ्या कशा चढलो, वरचा पांढऱ्या दाढीचा संन्यासी घंटा वाजवून कसा सामोरा आला, सुकेळी मातेच्या पायाशी ठेवताना त्याचे डोळे कसे भरून आले. काका श्वास रोखून ऐकायचे. पायऱ्या दरवर्षी दहा-वीस वाढायच्या. मी हसलो तर काका मलाच दटावायचे, "अरे, वय झालं त्याचं. त्याला जास्त वाटनारच."

तर त्या रात्री फेबियन सुकेळ्यांशिवाय गेला. जाताना म्हणाला, "यंदा राहू दे. मी तुझ्या नावानं मेणबत्ती लावतो." काकांना ते रुचलं नाही. नवसाला खाडा पडला म्हणून चार दिवस जेवण गोड लागेना, आणि पाचव्या दिवशी त्यांनी मला बोलावून घेतलं. चर्चची यात्रा नोव्हेंबरात रोमला निघणार होती आणि पुढे त्याच बेटावर दोन दिवस थांबणार होती. "मीच जातो," ते म्हणाले. "तू बसलास, तूच फारम भर."

मी भरले. प्रायश्चित्त म्हणून पासपोर्टाच्या रांगेतही उभा राहिलो.

ऑक्टोबरच्या उन्हात नवी सुकेळी झाली. ती छातीशी धरून काका विमानात बसले. बेटावर डोंगराच्या पायथ्याशी बस थांबली तेव्हा त्यांनी पहिल्यांदा गुडघ्यांना तेल चोळलं, तीनशे पायऱ्यांची तयारी म्हणून. पण बस पुन्हा सुरू झाली आणि डांबरी रस्त्यानं वळणं घेत थेट चॅपेलच्या दारात जाऊन उभी राहिली. पायरी एकच होती, दाराची. काकांना वाटलं, रस्ता नवीन झाला असेल.

दाराला कुलूप होतं. चावी खालच्या गावातल्या पाववालीकडे. ती बाई धापा टाकत आली, यात्रेबरोबरच्या फादरनी तिचं बोलणं उलगडून सांगितलं. शेवटचा संन्यासी गेला त्याला चाळीस वर्षं झाली. चॅपेल उघडतं ते मे महिन्यातल्या सणाला, एरवी कुणी मागितलं तरच. काकांनी तरी मनाची समजूत घातली, फेबियननंही मागितलं असेल.

आत भिंतीवर लोकांचे नवस टांगलेले होते. लाकडी होड्या, कुबड्या, तान्ह्या मुलांचे मोजे. काकांनी एकेक नवस पाहिला. सुकेळी बांधलेल्या वाळक्या केळीच्या पानाचा एक तुकडा तरी सापडेल म्हणून कोपरे पाहिले, मातेच्या पायाशी वाकून पाहिलं. शेवटी फादरना म्हणाले, "तिला विचारा, काळा माणूस, मिशीवाला, दरसाल केळी आनतो?"

बाईनं सुकेळं हातात घेतलं, उलटसुलट केलं, वास घेतला आणि विचारलं, हे काय असतं?

काकांनी अकरा सुकेळी मातेच्या पायाशी ठेवली आणि गुडघे टेकले. प्रार्थना आठवेना. दहा वर्षं रोझलिनचं आयुष्य आपण या पायांवर टेकवून ठेवलंय असं ते समजत होते, आणि या पायांना त्याचा पत्ताच नव्हता. घरी आल्यावर काकूंना त्यांनी एवढंच सांगितलं, "डोंगर बरा हाय."

मला मात्र सगळं सांगितलं.

नाताळच्या आधी फेबियन उतरला. काका बेटावर जाऊन आले होते हे त्याला ठाऊक नव्हतं. बॅगा टाकून थेट सांडोरला आला, मी ओटीवर होतोच. या खेपेस मी खुर्ची नीट पाहून बसलो होतो.

"काय सांगू आगुस्तीन," फेबियन सुरू झाला, "साडेतीनशे पायऱ्या. संन्यासी आता थकलाय. म्हणाला, यंदा रिकाम्या हातानं कसा? मी मेणबत्ती लावली, तुझ्या रोझलिनचं नाव घेतलं."

काकांनी त्याला संपवू दिलं. नेहमीसारखे श्वास रोखून ऐकत होते. मग आत गेले, बशी घेऊन आले आणि त्याच्यापुढे ठेवली. बशीत एकच सुकेळं होतं.

"घे," काका म्हणाले. "हे बारावं."

अकराचा हिशोब फेबियनला पहिल्या वर्षापासून ठाऊक होता. त्याचा हात बशीकडे गेला आणि मध्येच थांबला. "तू जाऊन आलास," तो म्हणाला.

"डांबरी रस्ता हाय."

"पहिल्या वर्षी बोट थांबलीच नाही रे. मग सुकेळी टाकून कशी देणार? बोटीवर पोरांनी वाटून खाल्ली. आणि इथं येऊन बघतो तर रोझलिन उठून बसलेली. तुला काय सांगणार होतो?"

"पयल्या वर्षाचं समजलं," काका म्हणाले. "बाकीची नऊ?"

फेबियन उठला. चपला हातात घेऊनच तो फाटकाबाहेर पडला. काका त्याला सोडायला फाटकापर्यंत गेले नाहीत, आयुष्यात पहिल्यांदाच.

बशीतल्या सुकेळ्याभोवती मुंग्या जमल्या. माझ्या तोंडातून नेमकं नको तेच गेलं. "काका, म्हणजे खरं तर हे सगळं माझ्यामुळे झालं. तुम्ही माझ्यावर तरी रागावला नाहीत ना?"

काकांनी बशी उचलली.

"तू नुसता बसलास, खाल्ली नायस."