जावळाच्या दिवशी दिसलेलं

माझ्या मुलाच्या सलूनमध्ये तुरटीचा वास आला की मला अजून स्वतःची चीड येते. त्या वासासरशी बेलापूरजवळच्या वस्तीवरचं एक जावळ आठवतं.

मी तेव्हा घरोघरी जाणारा न्हावी. वर्षाच्या आतली पोर रिवाजाप्रमाणे मामाच्या मांडीवर बसलेली. वस्तरा फिरवायला मी तिचा कान दुमडला, तर मागे निळा डाग. दुसरा दुमडला, तिथेही तसाच, कुणीतरी चिमटीत धरून पिळल्यासारखा.

"बाजंवरनं पडली," बाप लगेच म्हणाला. मी काही विचारलंही नव्हतं.

पडलेल्या पोराच्या कपाळाला टेंगूळ येतं. दोन्ही कानांमागे लागेल असं कुणी कसं पडेल? हजारो डोकी हातांखालून गेलेल्या माणसाला एवढं कळत नव्हतं का? जावळाला पोरं गाव डोक्यावर घेतात. ही बापाचा आवाज ऐकून आकसली आणि गप्प राहिली.

"लई शानी हाय माजी भाची," मामा कौतुकानं म्हणाला.

"व्हय, लई शानी," मी म्हणालो आणि वस्तरा पुसला.

महिन्याभरात बापानं तिचा हात मोडला, तेव्हा सगळं उघड झालं. मामा तिला कायमची आपल्या घरी घेऊन गेला. वस्तीवरचे आजही म्हणतात, "कुनाला काय म्हाईत हुतं?" मला माहीत होतं. मामानं तिला जावळाच्या दिवशीच नेलं असतं. मी फक्त तो कान त्याला दाखवायचा होता.