पाठदुखीचं जाकीट

माझ्याकडे एकेकाळी चिलखत होतं असं सांगितलं की लोक आधी हसतात, मग माझ्या पोटाकडे बघतात. मी साधा फार्मासिस्ट. नागपूरहून शिकागोला आलो, परीक्षा दिल्या, लायसन्स मिळवलं आणि शहराच्या पश्चिमेकडच्या एका जुन्या औषधाच्या दुकानात काउंटरमागे उभा राहिलो. ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं होती. त्या रस्त्यावरची निम्मी दुकानं बंद पडली होती आणि जी चालू होती त्यांच्या काचांना जाळ्या होत्या. आमच्या मागच्या कपाटात दुखणं मारणारी जी औषधं होती, ती दुखणं नसलेल्या लोकांनाही किती हवी असतात, हे मला नोकरीला लागल्यावर कळलं.

चिलखत मला आमच्या दुकानाच्या गार्डने दिलं. तो निवृत्त पोलीस होता. त्याच्या तळघरात पाण्याचे पिंप, घेवड्याचे डबे, कंदील, मेणबत्त्या असं सगळं रचून ठेवलेलं होतं आणि कुठलंही संकट आलं तरी आपण तयार आहोत याचा त्याला फार आनंद होता. नोकरीत असताना वापरलेलं आपलं जुनं बुलेटप्रूफ जाकीट त्याने एक दिवस कागदी पिशवीत घालून आणलं. "घरात आग विझवायचं नळकांडं ठेवतोस की नाही? मग हेही ठेव," म्हणाला. ज्याचं तळघर भरलेलं असतं त्याच्याशी वाद घालता येत नाही. मी घेतलं.

त्या शनिवारी मित्रमंडळी जेवायला होती. डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या देशी दुकानातून आणलेली कोथिंबीर निवडता निवडता सगळ्यांनी माझी यथेच्छ खेचली.

"यार, तू औषधं विकतोस की बँका लुटतोस?" एक जण म्हणाला.

दुसरा जरा गंभीर होता. "हसू नका रे. आपण सीट बेल्ट लावतोच ना? तसंच हे. सेफ्टी आहे, बास."

माझी बायको भात उपसत होती. तिने मागे न वळताच सांगितलं, "सीट बेल्ट लावला म्हणून कुणी मुद्दाम भिंतीवर गाडी घालत नाही. हा घालेल. हे अंगावर असलं की याला वाटेल, आपल्याला काही होत नाही." मग मला म्हणाली, "जाकीट चेंज करण्यापेक्षा जॉब चेंज कर."

तिचं बरोबर होतं. पण नोकरी सोडायला मला कारण लागलं असतं आणि घाबरलो हे कारण मला चालणार नव्हतं. मी शर्टाच्या आत ते जाकीट घालून कामाला जाऊ लागलो.

त्याच वर्षी मे महिन्यात आई आली.

ती उभी हयात नागपूरच्या कापडगिरणीत काम केलेली बाई. बाबा लवकर गेले. मी एकुलता एक. तिने मला शिकवलं, विमानात बसवलं आणि वस्तीत परत जाऊन एकटी राहू लागली. मी नुकताच इथला नागरिक झालो होतो, त्यामुळे तिला कायमचं बोलावणं आता शक्य होतं. फॉर्म आणून ड्रॉवरमध्ये ठेवले होते. फक्त तिने हो म्हणायला हवं होतं. सहा महिने राहून बघ, आवडलं तर राहा, असं आमचं ठरलं होतं. तिने आल्या आल्या पिशवीतून बुद्धाची छोटी मूर्ती काढून टीव्हीवर ठेवली, दुसऱ्या दिवशी पहाटे तिथे बसून वंदना म्हटली, आणि तिचा आवाज ऐकून मी अंथरुणात पडल्या पडल्या रडलो. मला ती इथे हवी होती. दुसरं काही नको होतं.

त्याच सकाळी तिने मला जाकीट चढवताना पाहिलं.

"हे काय रे?"

खरं सांगितलं असतं तर ती पहिल्याच विमानाने मला घेऊन परत गेली असती किंवा रोज दारात बसून राहिली असती. "पाठीचं जाकीट आहे," मी म्हणालो. "दिवसभर उभं राहून पाठ दुखते ना. डॉक्टरांनी दिलंय." बायको आमच्या वर्षाच्या मुलीला दूध पाजत होती. तिने माझ्याकडे नुसतं बघितलं.

जुलैत शिकागोला उकाडा भट्टीसारखा असतो. मी घरी यायचो तो घामाने निथळत. आई जाकीट हातात घेऊन त्याचं वजन करायची, कडेची शिवण बोटांनी चाचपायची. गिरणीतल्या माणसाचा हात कापडावर पडला की लवकर निघत नाही.

"एवढ्या उकाड्यात हे कायले घालून राहिला? यानं पाठ बरी व्हायची का मोडायची?"

"डॉक्टरांना कळतं, आई."

"तो डॉक्टर कधी हे घालून दिवसभर उभा राहिला का?"

जुलैतल्या एका सोमवारी माझी सुट्टी होती. मी, बायको आणि मुलगी तळ्यावर गेलो. आई म्हणाली, मी घरी थांबते, नातीची गोधडी पुरी करायची आहे. आल्यापासूनच तिने ती शिवायला घेतली होती. तिची जुनी पांढरी लुगडी, बायकोचा फाटका ड्रेस, माझे विटलेले शर्ट, असं सगळं तिने पलंगाखाली जमवलं होतं. संध्याकाळी परतलो तेव्हा ती वैतागलेली होती. "तुमच्या अमेरिकेच्या कात्र्या बेकार आहेत. काही कापत नाही," म्हणाली. बायकोने दुसऱ्या दिवशी तिला नवी कात्री आणून दिली.

त्या आठवड्यात मला जाकीट हलकं वाटू लागलं. मी बायकोला ऐटीत सांगितलं, "बघ, सवय झाली. बॉडी ॲडजस्ट होते." तीसुद्धा म्हणाली, "गुड."

सप्टेंबरातल्या एका दुपारी तीनच्या सुमाराला एक किडकिडीत माणूस दुकानात आला. ऊन असून त्याने कोट घातला होता आणि त्याचं नाक सारखं वाहत होतं. गार्डची त्या दिवशी रजा होती. माणसाने खिशातून पिस्तूल काढलं आणि मागच्या कपाटातली औषधं मागितली. आमची कॅशिअर साठीला आलेली बाई होती. ती किंचाळली, आणि त्याने पिस्तूल तिच्याकडे वळवलं.

मी मध्ये जाऊन उभा राहिलो.

मी शूर नाही. लहानपणी पतंगासाठीसुद्धा कुणाशी भांडलो नाही. पण त्या क्षणी माझ्या मनात स्वच्छ विचार आला होता, की माझ्या अंगावर आहे, तिच्या अंगावर नाही. त्या भरवशावर मी मध्ये गेलो आणि शांतपणे म्हणालो की देतो, सगळं देतो. पिस्तूल माझ्या छातीपासून फूटभर अंतरावर होतं. मी बाटल्या पिशवीत भरल्या, त्याने पिशवी ओढली आणि तो गेला. कॅशिअर बाईने माझा हात धरला तो पोलीस येईपर्यंत सोडला नाही.

घरी पोचलो तेव्हा आई नातीला वरणभात भरवत होती. मी खुर्चीत बसलो. शर्ट आणि जाकीट न काढता तसाच बसून राहिलो.

"पाठ?" आईने विचारलं.

मी मान हलवली.

तिने लसूण घालून तेल गरम केलं, मला पालथं झोपवलं आणि पाठ चोळायला बसली. मी उशीत तोंड खुपसून थरथरत होतो आणि तिला वाटत होतं, दुखतंय म्हणून. मग म्हणाली, "खरं सांग. तुह्या पाठीचं काही मोठं दुखणं असंल तर मले सांग. मग मी जात नाही. इथंच राहते."

तिने आपणहून राहायचं म्हटलेलं ते एकदाच. मे महिन्यापासून मी याच वाक्याची वाट बघत होतो. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, की हो, दुखतंय, मोठं आहे, राहा. पण तेव्हा मोठं म्हणजे काय ते सांगावं लागलं असतं, आणि रोज सकाळी मी बाहेर पडलो की तिचा जीव टांगणीला लागला असता. तिला ज्या भीतीपासून दूर ठेवायचं, त्याच भीतीपायी तिला ठेवून घ्यायचं, हे मला जमलं नाही.

"काही नाही, आई. पाठ बरी आहे. आज जरा जास्त उभं राहिलो."

तिचे हात थांबले. "बरं," म्हणाली.

बायकोला दुपारीच दुकानातून फोन गेला होता. तिने मला स्वयंपाकघरात गाठलं. "टेल हर, यार. सांगून टाक. शी वॉन्ट्स टु स्टे, तुला दिसत नाही का?" मला दिसत होतं. मी सांगितलं नाही. ऑक्टोबरात ओहेअरच्या विमानतळावर आईने मुलीचा पापा घेतला आणि मला म्हणाली, "तुह्यं सगळं बरं चाललं आहे. माह्यं इथं काय काम?" फॉर्म ड्रॉवरमध्येच राहिले.

डिसेंबरात गार्डने जाकीट परत मागितलं. त्याचा भाचा कुठेसा रखवालदार म्हणून लागला होता. मलाही ते नको झालं होतं. मी पिशवी त्याच्या हातात दिली आणि तो थबकला. पिशवी वर केली, खाली केली. मग जाकीट बाहेर काढून त्याने खिशातल्या चाकूने कडेची शिवण उसवली.

आत गोळी अडवणाऱ्या कापडाचे सोळा थर असायला हवे होते. आठ होते. बाकीच्या जागी, आकार बिघडू नये म्हणून, माझ्या जुन्या निळ्या शर्टाचं अस्तर घडी घालून बसवलेलं होतं. टाके इतके बारीक आणि सरळ होते की कारखान्यातल्या मशीनला लाज वाटावी.

"हे कुणी केलं?"

"माझ्या आईने."

तो डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. मग त्याला सप्टेंबर आठवला असावा, कारण हसणं सोडून त्याने जाकीट मलाच परत दिलं. म्हणाला की हे आता कशाच्याही उपयोगाचं नाही.

घरी गेलो आणि मुलीच्या पाळण्यातली गोधडी उचलली. ती नेहमीच जरा जड वाटायची. मुलगी ती पांघरली की शांत झोपायची, आणि आम्ही म्हणायचो, आजीच्या हातची ऊब आहे. बायकोने एक कोपरा उसवला. आईच्या पांढऱ्या लुगड्याच्या आत जाकिटातलं ते पिवळंधमक कापड होतं. आईला ते कापता आलं नव्हतं, म्हणून तिने थर अख्खेच वापरले होते. असं फाटता न फाटणारं कापड तिने गिरणीत कधी पाहिलं नसणार. चांगलं कापड वाया घालवायचं नाही, हे तर ती झोपेतसुद्धा विसरली नसती.

ज्याच्या भरवशावर मी त्या पिस्तुलासमोर उभा होतो, त्यातलं निम्मं त्या दुपारी घरी माझ्या झोपलेल्या मुलीच्या अंगावर होतं. मी खरा घाबरलो तो त्या संध्याकाळी, तीन महिने उशिरा.

"परत जाकिटात घालायचं?" बायकोने विचारलं. मी नाही म्हणालो. आम्ही दोघांनी मिळून कोपरा शिवला. आमचे टाके आईच्या टाक्यांशेजारी अजूनही ओळखू येतात, फार वाकडे आहेत.

मग मी तिची पत्रं काढून पुन्हा वाचली. प्रत्येक पत्रात शेवटी तेच होतं. पाठ कशी आहे? जाकीट आता जड नाही ना वाटत? मी दर वेळी फक्त पहिल्या प्रश्नाचं उत्तर दिलं होतं. त्या दिवशी मी सगळं खरं लिहायला बसलो, तीन पानं लिहिली आणि फाडली. तिने प्रेमाने माझं ओझं कमी केलं होतं, आणि त्याने मी मरू शकलो असतो, हे तिला कोणत्या तोंडाने सांगायचं? खोटं तर माझंच होतं. तिने फक्त त्यावर विश्वास ठेवला. मी लिहिलं, पाठ एकदम बरी आहे, जाकीट हलकं वाटतं. वसंतात मी ती नोकरी सोडली आणि एका हॉस्पिटलात लागलो. त्यानंतर दोन वर्षांनी आई नागपुरात गेली. मी पोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं.

आता अशी जाकिटं घरबसल्या मागवता येतात. शेजारच्या तरुण मुलाने परवा विचारलं, काका, घ्यावं का? तुम्ही वापरलंय म्हणे. मला वाटलं होतं की मी त्याला खूप काही सांगेन. मी एवढंच म्हणालो, "घे. पण घरच्यांना ते काय आहे ते नीट सांगून घे."

गोधडी मुलीकडे आहे, आता तिची मुलं पांघरतात. माझी पाठ गेल्या काही वर्षांपासून खरंच दुखते. सकाळी उठताना पलंगाच्या कडेला हात टेकून बसावं लागतं. बायको विचारते, मुलगी फोनवर विचारते, डॉक्टर विचारतात आणि मी सगळ्यांना खरं उत्तर देतो. जिला द्यायचं होतं ती विचारत होती तेव्हा मी बरी आहे म्हणालो.