पामला पाणी घालायच्या पाळ्या

ऑगस्ट २००३, दुसरा सोमवार, स्टुटगार्ट. घरात मी, सात वर्षांची लेक आणि भारतातून आलेले सासरे. नवरा कामासाठी ब्राउनश्वाइगला. त्या उन्हाळ्यात इथेही अंग भाजत होतं. सासऱ्यांनी बावीस वर्षं मस्कतच्या रस्त्यांकडेला शोभेचे पाम वाढवले होते. वाळूत आळं करायचं, नव्या झाडाची पानं दोरीने वर बांधायची आणि सकाळी आळं काठोकाठ भरायचं, हे ते लेकीला रोज कौतुकाने सांगत. त्याच सवयीने त्यांनी आमच्या बाल्कनीतल्या कुंडीतल्या पामला दोन बादल्या पाणी घातलं. ते सगळं खालच्या बाईंच्या न्याहारीच्या टेबलावर गळलं आणि त्या तक्रार घेऊन वर आल्या. त्या गेल्यावर मी पाणी घालायच्या पाळ्यांचा तक्ता करून फ्रिजवर लावला. सासऱ्यांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला. "सूनबाई, माझा वार कुठला?" "तुमचा नाही, बाबा. हे मस्कत नाही. तुम्ही आराम करा." "आजोबा, दू हास्ट फेरिएन," लेक हसून म्हणाली, म्हणजे तुम्हाला सुट्टी. ते "बरं" म्हणाले आणि बादली धुऊन उपडी ठेवली. आठवड्याभरात त्यांनी परतीचं तिकीट अलीकडचं करून घेतलं. भारतात परतल्यावर त्या दिवाळीआधीच ते वारले. नवरा अजून अधूनमधून विचारतो, बाबा तेव्हा एवढ्या घाईने का परतले असतील? त्याला सांगायचं, असं मी दर वर्षी करायच्या गोष्टींच्या यादीत लिहिते. यंदाही ते राहिलंच आहे.