साधनाला पैकीच्या पैकी

'खंबीर' हा शब्द ऐकला की साधनाला शिसारी येते. घास खाताना तोंडात केस यावा तसं होतं. आणि लोकांना तर दुसरा शब्दच सुचत नाही. दवाखान्यातली सिस्टर तेच म्हणते, देवळात भेटलेली बाई तेच म्हणते. समोरच्या नव्या सोसायटीतल्या मॅडम तर गाडीची काच खाली करून म्हणतात, "तुम्हाला बघून आम्हाला बळ येतं हो!" आणि काच वर करून निघून जातात. घ्या, फुकटचं आहे, भरभरून घ्या!

साधनाची वैष्णवी बारा वर्षांची. तान्ही होती तेव्हापासून तिला फिट येते. औषधं चालू आहेत, डॉक्टर बदलून झाले, पण भरवसा म्हणून नाही. आली की पोर उभ्या जागी कोसळते. त्यामुळे साधना न्हाणीची कडी लावत नाही. माहेर इथंच कासार आंबोलीला, तरी सख्ख्या भावाच्या हळदीला उभ्या उभ्या जाऊन आली. नवरा कैलास हिंजवडीला कंपनीची गाडी चालवतो, दिवसभर बाहेर. सासू तुळजाबाई मायाळू आहे, पण कोसळणाऱ्या पोरीला सावरायचा जोर तिच्या हातात राहिलेला नाही.

गेल्या उन्हाळ्यात पुण्यातल्या एका संस्थेचा मुलगा साधनाच्या गावी, भुकूमला आला, ऋषिकेश नावाचा. आजारी मुलांच्या आयांचा खंबीरपणा मोजायचा होता त्याला. हसू नका, खरंच मोजतात. ज्यांचा कमी भरेल त्यांच्या घरी मूल सांभाळायला आठवड्यातून दोन दिवस बाई येणार होती. साधनाच्या जिवात जीव आला. दोन दिवस! नुसतं पडून राहीन म्हणाली ती मनात.

पण पाहुण्याला एकटं बसवायची रीत नाही ना आपल्यात! तुळजाबाईनं खुर्ची टाकली, शेजारची गंगूबाई चहा घ्यायला आली, चुलत सासरे नरहरी पायरीवर टेकले. आणि पाहुण्यापुढं घरातलं उणं काढायचं नाही, हे तर सुनेला पहिल्या दिवसापासून शिकवलेलं असतं. दूध संपलं तर शेजारून आणतील, पण कोरा चहा पुढं ठेवणार नाहीत.

"ताई, तुम्ही थकून जाता का?" ऋषिकेशनं विचारलं.

"छ्या! आमची साधना कसली थकतीया!" तुळजाबाईनंच उत्तर दिलं.

"मुलीच्या आजारपणाचा राग येतो का?"

वैष्णवी समोर खाटेवर बसली होती, आईकडं टक लावून. "न्हाई," साधना म्हणाली. "राग कसला?"

पुढच्या प्रत्येक प्रश्नाला तेच. न्हाई, न्हाई, समदं जमतंय. त्या पोराला परड्यात नेऊन खरं सांगावं, तर तरण्या मुलाशी आडोशाला काय बोलत होती म्हणून गावभर झालं असतं.

महिन्याभरानं त्याचा फोन आला. काय आनंद त्याला! "ताई, पैकीच्या पैकी! आता तुमचा सत्कार!" आणि सांभाळणारी बाई? ती गेली सूसच्या एका फ्लॅटमध्ये. तिथल्या आईनं दार लावून, एकटीनं बसून उत्तरं दिली होती. तिलाही बोल कसा लावणार? तिचं पोरही आजारीच.

साधना सत्काराला गेली ती संस्थेच्या अध्यक्ष बाईंना खरं काय ते समोरासमोर सांगायला. गावातल्या मंगल कार्यालयात अर्धं गाव लोटलेलं. पुढच्याच रांगेत कैलास, तुळजाबाई आणि मध्ये वैष्णवी. बाईंनी शाल घातली, नारळ दिला आणि माइकवर गोड आवाजात म्हणाल्या, "साधनाताईंसारख्या मातेला कुणाच्या मदतीची गरजच लागत नाही!"

आता मात्र साधनाला त्या शालीची, त्या हसऱ्या तोंडांची अशी किळस आली की तिनं माइकच ओढून घेतला.

"कोण म्हनतं गरज न्हाई? न्हाई जमत मला. घरात बसून खोटं बोलले मी. राग येतो. देवाचा येतो, तुमचा येतो, कवा कवा पोरीचा बी येतो. मला शाल नको, मानूस पाठवा."

तुळजाबाईनं पदर डोळ्यांवर ओढला. साधनाची नजर वैष्णवीकडं गेली. जे तोंडातून कधी निघू दिलं नव्हतं, ते आज गावादेखत पोरीच्या कानात गेलं होतं.

बाईंनी हळूच माइक परत घेतला. "पाहिलंत? खरं बोलायलासुद्धा केवढा खंबीरपणा लागतो!" आणि टाळ्या सुरू केल्या. मेल्या सगळ्या कार्यालयानं टाळ्या वाजवल्या! मदतीचं विचारलं तर ऋषिकेश खाली बघत म्हणाला, "आता पुढच्या वर्षीच मोजणी, ताई."

शाल तिथंच खुर्चीवर टाकून साधना बाहेर आली. मागोमाग वैष्णवी आली आणि तिनं आईचा हात धरला. साधनाला तोंड वर करवेना.

"वैशे, मी मगाशी..."

"मला ठावं हाय, मम्मी," वैष्णवी म्हणाली. "मला बी तुझा लई राग येतो. पन मी कुनाला सांगायचं? मला तर कुनी इचारायलाच आलं न्हाई."