करवंटीतला दिवा

कसालच्या रस्त्यावर तिन्हीसांजेला आंब्याच्या पेट्यांचा ट्रक मागून आला आणि डॉक्टर फटफटीसकट गटारात गेले. लागलं काही नाही. पण दवाखान्यात येऊन म्हणाले, "मागचा दिवा दिसत नसेल तर ही विकून टाकू. मी आपला एसटीने फिरेन."

फटफटी लष्कराच्या लिलावातली, आणि तिची देखभाल हेच माझं काम. मागे काजव्याएवढा दिवा होता. पाचवीतून शाळा सोडलेला मी घाटावरून इतक्या लांब आलेलो. डॉक्टरांनी चिठ्ठीचपाटी न विचारता ठेवून घेतलं होतं. फटफटी गेली तर मला कशाला ठेवतील?

"दोन दिवस द्या," मी म्हणालो.

मी राहायचो एका मासे विकणाऱ्या मावशीच्या पडवीत. तिचा भाऊ होड्यांच्या फटी बुजवायचा. त्याला मीही मामाच म्हणायचो. मावशीने नुकत्याच फोडलेल्या नारळाची करवंटी दिली. ती मी तासली, आतून सिगारेटच्या पाकिटातली चांदी चिकटवली. होडीवरच्या फुटक्या कंदिलाची लाल काच पाण्यात बुडवून पकडीने कडा तोडत गोल केली. आत मोठा बल्ब बसवला.

"जेवान घे आदी. दिवो काय पळान जाणा नाय," मावशी म्हणाली. मी ताट बाजूला सारलं.

काच बसवायला मामा राळ आणि तेल घोटून घेऊन आला. तारेच्या भोकासकट सगळं त्याने होडीसारखं बुजवलं.

"दर्यात टाकलंस तरी थेंब जावचो नाय," म्हणाला.

दिवा फटफटीला जोडून लावला, छान पेटला. जरा वेळाने काच धुरकटली, मग प्रकाश पार विझल्यासारखा झाला. बल्ब तर चालू होता. ओल्या करवंटीतली वाफ काचेवर बसत होती. तिला जायला वाटच नव्हती.

"मामा, खालून भोक पाडूया."

"होडयेक कोण भोक पाडता रे? घाटावरच्याक पाण्याचा काय ठावक!"

"ही होडी नव्हे ना."

"मग माझ्याकडे कित्याक इलंस?" तो रुसून पडवीच्या कडेला बसला. मी खिळा तापवून करवंटीच्या तळाशी भोक पाडलं. खिळा दोनदा घसरला. काच हळूहळू निवळली. मामा उठला, वाकून बघितलं आणि भोकाच्या कडेला राळेचं बोट फिरवून गेला.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला डॉक्टर म्हणाले, "तू चालव. मी इथे उभा राहतो. दिसेनासा झाला की ओरडेन, तिथे थांब."

मी निघालो. कान सगळे मागे. फटफटीच्या आवाजात ऐकू येईल की नाही याची धास्ती. वळून बघावं तर हँडल हलेल. माड संपले, पूल आला, सरळ रस्ता संपून वळण आलं तरी हाक नाही. ओरडले असतील, मीच ऐकलं नसेल, असं वाटून घामाघूम झालो आणि फटफटी वळवली.

डॉक्टर अर्ध्या वाटेत चालत येताना भेटले. धापा टाकत होते.

"कुठवर जाणार होतास?"

"तुम्ही ओरडला नाहीत."

"दिसत होता," ते मागे बसत म्हणाले. "मग कशाला ओरडू?"